चालतंय ना? पण थांबतंय का?

"चालतंय ना? मग कशाला बदलायचं?"

हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलं असेल, त्याचा हिशेब नाही. आमच्या वाईच्या घरात मिक्सर बावीस वर्षं टिकला तो याच वाक्याच्या जोरावर. दोनदा कार्बन बदलले, एकदा पातं, एकदा कपलर. पण मिक्सर काही बदलला नाही. माझ्या आईने पितळी स्टोव्ह पिना घालून घालून अख्खा संसारभर वापरला. वस्तू टिकवणं, दुरुस्त करणं, पुरवून वापरणं हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. तो गुणच आहे आणि त्याबद्दल आजही माझी तक्रार नाही.

पण २०२२ च्या थंडीत लेकीकडे अमेरिकेला, न्यू जर्सीला गेले होते. तिथे या एका वाक्यापायी माझी मान खाली गेली. म्हणून आज लिहायला बसले. विषय ऐकून तुम्हाला हसू येईल... गॅरेजच्या दाराची मोटर! 'आमच्या घरी कुठे आलंय तसलं दार?' असं म्हणून पान उलटू नका, मैत्रिणींनो. गोष्ट तिकडे सुरू होते, पण येऊन थांबते आपल्याच ओट्यापाशी.

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की हात काळे झालेला मेकॅनिक आठवतो. तिकडे गॅरेज म्हणजे घराला चिकटून असलेली गाडीची खोली. तिला भिंतीएवढं रुंद दार. ते आडव्या फळ्यांचं, बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेलं. उघडताना रुळांवरून वर चढतं आणि छताला समांतर आडवं होतं. आपल्या दुकानाचं शटर गुंडाळलं जातं, हे झोपतं, एवढाच फरक. छताला मोटरचा एक डबा टांगलेला असतो. बटण दाबलं की साखळी खडखडते आणि दार वर किंवा खाली. गंमत म्हणजे घराला पुढचं चांगलं रंगवलेलं दार असतं, पण त्यातून येतात फक्त पाहुणे. घरची माणसं दिवसातून दहा वेळा ये-जा करतात ती या गॅरेजमधूनच. थंडीत तर गाडीतून उतरून थेट घरात. त्यामुळे ते दार म्हणजे त्या घराचा खरा उंबरठा.

लेकीचं घर जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. मोटरही घराबरोबर आलेली. डब्यावरच्या पट्टीवर साल होतं १९८८. म्हणजे माझ्या लेकीपेक्षा थोडीशीच लहान!

डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि दार अडायला लागलं. अर्ध्यावर यायचं, थांबायचं, पुन्हा वर जायचं. जावयांनी मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, एवढी जुनी मोटर आहे, नवी बसवून घ्या. बसवण्यासकट चारशे डॉलरच्या पुढे. मी मनातल्या मनात रुपये केले, तीस हजारांच्या वर गेले! माझ्या तोंडून ते वाक्य निघालंच. "अहो, चालतेय ना मोटर? थंडीने जरा आखडलीय इतकंच. या लोकांना सगळं फेकायची सवय. तुम्ही कशाला त्यांच्या नादी लागता?"

जावई मनापासून ऐकणारे. त्यांनी शिडी लावली. डब्याच्या मागच्या बाजूला दोन स्क्रू होते, दार वर नेताना किती जोर लावायचा आणि खाली आणताना किती, ते ठरवणारे. खाली आणण्याचा जोर त्यांनी वाढवला. दार मुकाट्याने खाली आलं आणि बंद झालं. "बघा, वाचवले की नाही चारशे डॉलर?" असं म्हणून मी त्या दिवशी कौतुकाने गोडाचा शिरासुद्धा केला!

नातू तेव्हा चार वर्षांचा. त्याला एक नवा खेळ सापडला होता. कुणी बटण दाबलं आणि दार खाली यायला लागलं की हा पठ्ठ्या वाकून सुळकन पळत बाहेर जायचा. जानेवारीतल्या एका दुपारी लेकीने बटण दाबलं, हा धावला आणि बर्फाच्या चिखलात पाय घसरून बरोबर दाराच्या रेषेत बसकण मारली. मी ओरडले, लेकीने झडप घालून त्याला आत ओढलं. दार खाली आलं आणि शांतपणे बंद झालं. काहीही झालं नाही. नातू तर हसत होता.

माझी छाती मात्र धडधडत होती. तरी मी स्वतःची समजूत घातली, "लिफ्टचं दार कसं मध्ये हात आला की मागे जातं, तसं हेही थांबलं असतंच की."

समोरच्या घरातली एक म्हातारी बाई अंगणातून हे बघत होती. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. आमची भाषा एकमेकींना फारशी कळायची नाही, पण आजीला आजीचं कळतं. ती रस्ता ओलांडून आली. दाराच्या दोन्ही बाजूंना खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. मग लेकीला म्हणाली, "याला डोळे नाहीत. लाकडाची परीक्षा कधी केली होतीत?"

कसली परीक्षा? तिने स्वतःच्या गॅरेजमधून दीड इंच जाडीची एक फळी आणली. आमच्या दाराच्या बरोबर मध्ये, जमिनीवर आडवी ठेवली आणि लेकीला बटण दाबायला सांगितलं. सांगते तुम्हाला, ती फळी जमिनीवर होती म्हणून बरं. दार खाली आलं, फळीवर टेकलं आणि मागे फिरायचं सोडून फळीला दाबत राहिलं. साखळी करकरली, छताला टांगलेला डबा हादरला, तरी दाबतंच आहे! शेवटी लेकीने पुन्हा बटण दाबून ते वर घेतलं.

गॅरेजमध्ये कुणीच काही बोललं नाही. मला आठवला तो स्क्रू. आणि शिरा.

नंतर जावयांनी रात्री बसून सगळं शोधून वाचलं आणि मलाही समजावून सांगितलं. तेव्हा लक्षात आलं की हे दार म्हणजे साधं प्रकरण नाही. दोन गाड्यांच्या रुंदीचं दार दीड-दोन पोती सिमेंटएवढं जड असू शकतं. ते वजन मोटर उचलतच नाही, ते पेलतात वरच्या ताणलेल्या स्प्रिंगा. मोटर फक्त ढकलते आणि ओढते. दार खाली येताना काही लागलं तर मोटरने उलटं फिरायचं, ही सोय १९८८ च्या आमच्या मोटरमध्येही होती. पण ती सोय कशावर चालते? जोरावर. ठरावीक जोराच्या पुढे अडथळा लागला की मोटरला वाटतं, काहीतरी मध्ये आलंय. आम्ही तर तो जोरच वाढवून ठेवला होता! म्हणजे मोटरला आम्ही सांगितलं, 'मध्ये काही आलं तरी तू दाबत राहा.' थंडीने आखडलेल्या रुळांचा आणि चाकांचा तो दोष. तिथे वंगण घालायचं सोडून आम्ही राखणदाराच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

अमेरिकेत अशा दारांखाली लहान मुलं सापडून दगावली आहेत. तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाकडे आलेल्या नोंदींनुसार, मार्च १९८२ नंतरच्या काळात २ ते १४ वर्षं वयाची सुमारे ६० मुलं. हा आकडा ऐकला त्या रात्री मला झोप लागली नाही. तिकडे १९९० मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तयार होणाऱ्या घरगुती मोटरींना जादा संरक्षण सक्तीचं झालं. म्हणजे बहुतेक ठिकाणी दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर बसवलेले ते 'डोळे'. एकातून अदृश्य किरण निघतो, दुसरा तो झेलतो. मांजर, चेंडू, मूल, काहीही मध्ये आलं आणि किरण तुटला की खाली येणारं दार स्पर्श व्हायच्या आधीच परत वर जातं. पण कायदा नव्या मोटरींसाठी होता. जुन्या घरांत आधीच टांगलेल्या मोटरी राहिल्या तशाच. त्या चालत होत्या ना!

आता इथे मला माझ्या जुन्या स्वभावाशी भांडायचं आहे, पण त्याचा पुरता पराभवही करायचा नाही. कारण 'जुनं झालं, फेका' हेही मला पटत नाही. आमच्या त्या रात्रीच्या अभ्यासातून एक गोष्ट स्वच्छ कळली, की सगळ्या कुरबुरींवर नवी मोटर हे औषध नाही. रिमोट चालत नाही? आधी त्याची बॅटरी बदला. दार खाली येता येता उगाच परत जातं? त्या डोळ्यांवर कोळ्याचं जाळं असेल, नाहीतर धक्का लागून एक डोळा तिरका झाला असेल. फडक्याने पुसा, सरळ करा. साखळी खडखडतेय? ती सैल झाली असेल. मोटर नुसती गुरगुरतेय पण दार हलत नाही? आतलं प्लॅस्टिकचं दातेरी चाक झिजलं असेल, ते सुटं मिळतं. आणि दारच जड झालं असेल तर दोष मोटरचा नाही, स्प्रिंगचा. तो ओळखायची युक्तीही सोपी आहे. दार बंद असताना लोंबणारी लाल दोरी ओढून मोटर सोडवायची, दार हाताने अर्ध्यापर्यंत उचलायचं आणि बघायचं. स्प्रिंग ठीक असेल तर दार तिथेच तरंगतं. खाली कोसळायला लागलं तर स्प्रिंग गेली. मग कितीही महागाची मोटर आणा, ती बिचारी झिजणारच. मात्र स्प्रिंगला घरच्यांनी हात लावायचा नाही, ते जाणकाराचंच काम. त्या ताणात माणसाचा हात मोडायची ताकद असते.

मग बदलायची कधी? माझ्या मते, ज्या मोटरला डोळे नाहीत ती बदलायची. ज्या मोटरचा जोर नीट लावूनही ती फळीवरून दोन सेकंदांत मागे फिरत नाही, तीही बदलायची. मग ती चालत का असेना, आवाज का न करेना, घरच्यांचा तिच्यावर जीव का असेना. बाकीच्या गोष्टींना चर्चेला जागा आहे. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, सुटे भाग मिळत नसतील, पंधरा वर्षं उलटली असतील, तर विचार करा. तिकडे वीज गेली तरी चालणाऱ्या, बॅटरीच्या मोटरी आता मिळतात. कॅलिफोर्नियात २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि काही लोकांना, विशेषतः म्हाताऱ्यांना, गॅरेजचं दार उघडता आलं नाही. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून विकल्या किंवा बसवल्या जाणाऱ्या मोटरींना बॅटरी सक्तीची झाली. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर हाही मुद्दा पैशांपेक्षा मोठा.

लेकीकडे आठवड्याभरात नवी मोटर आली. बसवणाऱ्याने जाताना तीच फळी खाली ठेवून दाखवली. दार टेकलं आणि शहाण्यासारखं परत वर गेलं. मग त्याने किरणाच्या मध्ये झाडू धरला, दार हवेतच थबकलं आणि फिरलं. नातवाने टाळ्या वाजवल्या. भिंतीवरचं बटण त्याचा हात पोचणार नाही इतकं उंच लावलं. आणि दाराखालून पळायचा खेळ बंद म्हणजे बंद, हे त्याला तिघांनीही बसवून सांगितलं. कारण यंत्र कितीही शहाणं असलं तरी मुलाने त्याच्याशी शिवाशिवी खेळायची नसते. ती फळी आता दाराशेजारीच उभी असते. महिन्यातून एकदा परीक्षा, जशी आपण घरात महिन्याचं सामान भरतो तशी.

परत आल्यावर मी आमच्या घरात शिरले ती वेगळीच नजर घेऊन. पहिल्यांदा हात घातला सिलिंडरच्या मागे. गॅसची नारिंगी नळी ओढून बघितली. तिच्यावर मुदत छापलेली असते, पाच वर्षांची. आमची संपून दोन वर्षं झाली होती! गॅस काय, रोज पेटत होता. चालत होतं ना! मग कुकर घेतला. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मागे एकदा गेला तेव्हा बाजारात मिळाला तो, दुसऱ्याच मापाचा, ह्यांनी बसवून आणला होता. शिट्टी होत होती, डाळ शिजत होती, म्हणून मीही काही विचारलं नव्हतं. पण शिट्टी चोंदली तर वाफेला सुटायला जो एक रस्ता ठेवलेला असतो, तोच मी बंद करून ठेवला असेन, हे कधी मनातच आलं नाही. मीटरच्या बोर्डावर शॉकपासून वाचवणारा एक खटका असतो, त्याला 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की वीज लगेच बंद पडली पाहिजे. घर बांधल्यापासून आम्ही एकदाही दाबलं नव्हतं. दाबलं, तर पडलीच नाही! वायरमनला बोलावून तो खटका बदलून घेतला. नळी आणि व्हॉल्व्ह त्याच आठवड्यात बदलले. मिक्सर मात्र बदलला नाही बरं का. तो नाही चालला तर फार तर चटणी पाट्यावर वाटू. कुणाचा जीव त्यात अडकलेला नाही.

हाच फरक मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे. घरातल्या काही वस्तूंना आपण एकच प्रश्न विचारला तरी पुरतं, 'चालतंय ना?' पण ज्या वस्तूंमध्ये आग आहे, वाफ आहे, वीज आहे किंवा भारी वजन आहे, त्यांना दुसरा प्रश्न विचारायलाच हवा, 'वेळ आली तर थांबतंय का?' पंधरा वर्षं बिनतक्रार चालणं हा त्याचा पुरावा नव्हे. थांबायची पाळीच आली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. आणि ते कळण्यासाठी अपघाताची वाट बघायची नसते. त्यासाठी फळी असते, बटण असतं, नळीवर छापलेली तारीख असते.

आणखी एक बोलते, थोडं कडू आहे. अशा वस्तू बदलायच्या की नाही, हे घरात सहसा ठरवतो तो पैसे मोजणारा. पण दिवसभर त्या वस्तूजवळ वावरतो कोण? आपण, आपली मुलं, घरातली म्हातारी माणसं, कामाला येणारी मावशी. तरीसुद्धा 'खर्च कशाला' हे वाक्य पुष्कळदा आपल्याच तोंडून सगळ्यांत आधी निघतं. शहाणी बाई म्हणवून घ्यायची आपल्याला हौस असते ना! मीही त्या दिवशी शहाणीच ठरले होते. काटकसर केली मी, आणि तिची किंमत मोजायला दाराखाली बसला होता माझा नातू. ज्या बचतीचा धोका दुसऱ्याच्या अंगावर पडतो, ती बचत नव्हे, उधारी. ती वसूल व्हायच्या आत फेडलेली बरी.

आता आपल्याकडेही वाई-साताऱ्यापासून सगळीकडे बंगल्यांना मोटरवर सरकणारी फाटकं येऊ लागली आहेत. रिमोट दाबला की जड लोखंडी फाटक आपोआप सरकतं, पोरं त्यावर लोंबकळून सफर करतात आणि आपण कौतुकाने बघतो. तुमच्या घरी, शेजारी, बहिणीकडे असं फाटक असेल तर आज संध्याकाळी एवढंच करा. मुलांना लांब उभं करा, फाटक बंद होताना मध्ये एखादं रिकामं खोकं ठेवा आणि बघा. खोकं शाबूत राहिलं तर देवापुढे साखर ठेवा. चेपलं, तर तिथल्या तिथे फाटकाची वीज बंद करा, ते हाताने ओढा आणि उद्याच माणूस बोलवा.

आणि हो, कुणी म्हणालंच की 'चालतंय ना, मग कशाला?' तर भांडू नका. त्यांच्या हातात ते चेपलेलं खोकं द्या.